अंतर्गत रिक्त पदासाठी वरिष्ठांकडे इच्छा नोंदविणे

आपल्याच संस्थेत एखादी जागा रिकामी झाली असता ती आपल्याला हवी आहे, हे कर्मचाऱ्याने आपल्या थेट वरिष्ठांना कळविण्याची रीत. सरकारी कार्यालयांत ती अर्जाने पाळली जाते, तर खाजगी कंपन्यांत बहुधा आधी तोंडी बोलणे होते आणि मग संगणकावर अर्ज भरला जातो.

खालच्या पायरीवर भरती करायची आणि वरच्या जागा आतल्याच माणसांतून भरायच्या, या व्यवस्थेला अर्थशास्त्रात ‘अंतर्गत श्रमबाजार’ म्हणतात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पीटर डोरिंजर व मायकेल पिओरे यांनी १९७१ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. भारतीय रेल्वे हे तिचे जवळचे उदाहरण आहे. तेथे गट ‘क’मधून गट ‘ब’मध्ये जाण्याच्या ७० टक्के जागा निवडीने आणि ३० टक्के मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरण्याची पद्धत आहे.

सरकारी नोकरीत दुसऱ्या विभागातील पदासाठी किंवा प्रतिनियुक्तीसाठीचा (ठरावीक काळासाठी दुसऱ्या कार्यालयात काम करण्यासाठीचा) अर्ज ‘थ्रू प्रॉपर चॅनल’, म्हणजे कार्यालयप्रमुखांमार्फत जातो. प्रतिनियुक्तीच्या अर्जाला सहसा मागील पाच वर्षांचे गोपनीय अहवाल, दक्षता विभागाचा दाखला आणि सचोटीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. कर्मचारी निलंबित असेल किंवा त्याच्यावर दोषारोपपत्र ठेवले असेल, तर अर्ज पुढे पाठविला जात नाही. फाईल टेबलावर अडकण्याच्या भीतीने अनेक जण अर्जाची आगाऊ प्रत थेट पाठवितात. मूळ अर्ज मात्र वरिष्ठांच्या हातूनच जावा लागतो. हा मार्ग वेळखाऊ असला तरी टाळण्यासारखा नाही. केंद्र सरकारच्या सेवेत या मार्गाने अर्ज करून दुसरे सरकारी पद मिळाले, तर जुन्या पदाचा ‘तांत्रिक राजीनामा’ देता येतो आणि आधीची सेवा वाया जात नाही. वरिष्ठांना अंधारात ठेवून अर्ज करणारा हे संरक्षण गमावण्याचा धोका पत्करतो.

इच्छा सांगणे आणि वशिला लावणे यांतली सीमा नियमांनीच आखली आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २० नुसार सेवेतील आपल्या हितासाठी वरिष्ठांवर राजकीय किंवा बाहेरचे वजन आणण्यास मनाई आहे. आमदारांचे पत्र आणणाऱ्यापेक्षा साहेबांसमोर उभे राहून “मला या जागेसाठी अर्ज करायचा आहे” असे म्हणणारा कर्मचारी नियमाच्या आणि सभ्यतेच्याही बाजूने असतो. पुष्कळांना असे मागणे हावरेपणाचे वाटते. हा संकोच अनाठायी आहे, कारण न सांगितलेली इच्छा वरिष्ठांनी ओळखावी ही अपेक्षा बहुधा फोल ठरते.

पुणे, मुंबई, बंगळूरु येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत अंतर्गत रिक्त जागेच्या जाहिरातीला ‘आयजेपी’ (इंटर्नल जॉब पोस्टिंग) म्हणतात. सध्याच्या कामावर ठरावीक काळ झालेला असणे आणि वार्षिक मूल्यांकन समाधानकारक असणे या नेहमीच्या अटी. काही ठिकाणी अर्जापूर्वीच मॅनेजरची संमती लागते, तर काही ठिकाणी निवड झाल्यावर त्याला कळविले जाते. म्हणून बोलण्याआधी कंपनीचे धोरण वाचलेले बरे. धोरण सक्ती करीत नसले तरी ही बातमी मॅनेजरला आपल्याच तोंडून कळावी. दुसऱ्याकडून कळली की मन दुखावते आणि ‘रिलीज’, म्हणजे जुन्या कामातून मोकळे होणे, लांबते. या भेटीत कोणती जागा, ती का हवी आणि हातातले काम कोणाकडे, किती दिवसांत सोपवता येईल, इतके स्पष्ट सांगावे. यातला शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात, आणि वरिष्ठांची खरी काळजी तीच असते. कामाची सर्वांत मोठी धावपळ चालू असताना हा विषय काढू नये. भेटीनंतर दोन ओळींचा ईमेल पाठविला की नोंद राहते.

चांगला माणूस हातचा जाऊ नये म्हणून त्याला अडवून धरणारे वरिष्ठ त्याच्यावर अन्याय करतात आणि संस्थेचेही नुकसान करतात. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मॅथ्यू बिडवेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाहेरून घेतलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ ते २० टक्के जास्त पगार मिळत होता, पण पहिली दोन वर्षे त्यांचे मूल्यांकन कमी होते. जे. आर. केलर व कॅथरिन ड्लुगोस यांच्या २०२१ मधील संशोधनानुसार, नाकारलेल्या अंतर्गत उमेदवारांपैकी ज्यांना संबंधित पदाच्या मॅनेजरने मुलाखतीला बोलावले होते, त्यांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण मुलाखतीविना नाकारलेल्यांच्या जवळपास निम्मे होते. त्यामुळे निवडीची शाश्वती नसली तरी मुलाखतीपर्यंत पोहोचू देण्याची आणि नकार आल्यास त्याचे कारण सांगण्याची विनंती वरिष्ठांना जरूर करावी.