नौकामापन (एकरूप वर्गातील शर्यती शीडनौका)

शर्यतीत उतरणारी शीडनौका तिच्या वर्गाच्या नियमांत बसते की नाही, हे मोजून, तोलून आणि तपासून ठरवण्याच्या कामाला नौकामापन म्हणतात. एकरूप वर्गातील सगळ्या नौका एकाच आराखड्यावर बांधलेल्या असतात. त्यांची लांबी, रुंदी, वजन, डोलकाठी आणि शिडाचे क्षेत्रफळ ठरलेले असते. त्यामुळे जो पहिला येतो, तो वारा ओळखण्यात, शीड आवळण्यात आणि वळसा घेण्यात सरस असतो म्हणूनच. ज्याच्या घरी पैसा जास्त त्याची नौका हलकी, असे होऊ नये, एवढ्यासाठी हे सारे मोजमाप.

अशा नौकांची सुरुवात १८८७ मध्ये डब्लिनजवळच्या किनाऱ्यावर ‘वॉटर वॅग’ या लहान नौकांपासून झाली, असे मानतात. पुढे १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे आजचे नाव ‘वर्ल्ड सेलिंग’. मोजणी कशी करायची, लांबी कुठून कुठपर्यंत धरायची, शिडाच्या कडांना काय म्हणायचे, याची व्याख्यावली ही संघटना प्रसिद्ध करते आणि प्रत्येक वर्ग आपले नियम तिच्या आधाराने लिहितो. भारतात या खेळाचा कारभार यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया पाहते.

सांगलीकराला होडीची शर्यत नवी नाही. पावसाळ्यात कृष्णेला पाणी आले की सांगलवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान या पट्ट्यातील होड्या शर्यतीला उतरतात आणि घाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही. पण त्या वल्ह्यांच्या होड्या. शिडाच्या शर्यतीला मोकळे, रुंद पाणी लागते. नदीच्या वळणांत आणि काठच्या झाडीत वारा तुटतो. म्हणून महाराष्ट्रात शीडनौका पाहायची तर मुंबईचे बंदर किंवा पुण्याजवळचे खडकवासला गाठावे लागते. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतील शीडनौकांच्या शर्यती मुंबईतच झाल्या होत्या. तेथे ‘फायरबॉल’ वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. समुद्र लांब असला तरी वाट बंद होत नाही. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोउ येथील आशियाई खेळांत ‘आयएलसीए ४’ या एकट्याने हाकायच्या नौकेच्या वर्गात रौप्यपदक घेऊन आली.

एकरूपता राखण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत कारखान्यावर नियंत्रण असते. ‘लेझर’ ही ब्रूस कर्बी यांनी आखलेली, आता ‘आयएलसीए’ म्हणून ओळखली जाणारी नौका याचे ठळक उदाहरण. परवाना असलेल्या कारखान्याने मान्य साच्यातूनच ती काढायची, तिच्यावर ओळखपट्टी लावायची आणि मालकाने तिला हात लावायचा नाही. आयएलसीए ४, ६ आणि ७ यांचे धड (डोलकाठी व शीड सोडून उरलेला नौकेचा मुख्य सांगाडा) एकच, शीड मात्र अनुक्रमे सुमारे ४.७, ५.७ आणि ७ चौरस मीटरचे. येथे मापकाचे काम मुख्यतः ओळखीचे : सुटे भाग अस्सल आहेत का, कोणी भोक पाडले, घासले किंवा जादा दोरी अडकवली का. नियमांचा गाभा असा की ज्याला स्पष्ट परवानगी दिलेली नाही ते निषिद्ध. ‘नियमात नाही म्हटलेले नाही’ हा बचाव येथे चालत नाही, आणि ते योग्यच आहे. अन्यथा दर हंगामात नवी पळवाट निघेल आणि ती परवडणाराच पुढे जाईल.

दुसऱ्या रीतीत नौका कोणीही बांधावी, पण ती दिलेल्या मर्यादांत बसली पाहिजे. मापकाची खरी परीक्षा येथे लागते. वक्र धड पट्टीने मोजता येत नाही, म्हणून ठरावीक ठिकाणी आडवे टेम्पलेट, म्हणजे हव्या त्या वळणाचा कापलेला नमुना, धरतात आणि टेम्पलेट व धड यांतील फट गेजने पाहतात. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा किर्लोस्करवाडीत यंत्रावर काम केलेल्या माणसाला ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज सांगावे लागत नाही. मापकाच्या पेटीत तीच असतात. एक टोक शिरले पाहिजे, दुसरे शिरता कामा नये.

मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ नौका हे समजायला सर्वांत सोपे उदाहरण. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात आखलेली ही नौका जेमतेम २.३ मीटर लांब असते आणि तीत १५ वर्षांपर्यंतचे मूल एकटे बसते. तिचे धड ३५ किलोपेक्षा हलके चालत नाही. तोलायच्या आधी नौका कोरडी करतात, तळाचे पाणी पुसतात, सुटे सामान काढतात. काटा समपातळीवर ठेवून आधी माहीत असलेल्या वजनाने तपासतात. धड ३४.४ किलो भरले तर नौका बाद होत नाही. कमी पडलेल्या ६०० ग्रॅमचे भरवजन नियमात सांगितलेल्या जागी पक्के बसवतात आणि त्याची नोंद प्रमाणपत्रात करतात. नंतर कोणी ते भरवजन काढले तर तोलताना उघडे पडते. कुस्तीत काट्यावर पैलवान चढतो, येथे बहुतेक वर्गांत नौका चढते. काही मोठ्या नौकांच्या वर्गांत मात्र सगळ्या खलाशांच्या एकत्रित वजनालाही कमाल मर्यादा असते.

शीड मोजताना ते सपाट टेबलावर पसरतात आणि मोजायच्या रेषेवरच्या सुरकुत्या जाव्यात इतकेच ताणतात, जास्त नाही. जास्त ताणले की कापड वाढते आणि मोजमाप खोटे पडते. मागच्या कडेचा मध्य शोधायला फूटपट्टी लागत नाही : शिडाचे वरचे टोक खालच्या मागच्या कोपऱ्यावर आणून घडी घालतात, घडी पडते तो मध्य. तेथून पुढच्या कडेपर्यंतचे कमीत कमी अंतर म्हणजे मधली रुंदी. पुन्हा घडी घातली की पाऊण उंचीवरचा बिंदू मिळतो. ही पद्धत फार सुरेख आहे, कारण ती कोणत्याही आकाराच्या शिडाला लागू पडते आणि दोन मापकांची उत्तरे जुळतात. मोजून झाल्यावर शिडाच्या कोपऱ्याजवळ मापक सही आणि तारीख टाकतो. ऑप्टिमिस्टमध्ये पुढे डोलकाठीला शीड बांधल्यावरही तपासणी असते : शीड आणि डोलकाठी यांतील अंतर १० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दोरीची एक गाठ सैल पडली तरी हा नियम मोडतो, आणि मुलांना शिस्त लागते ती इथे.

लांबी-रुंदी आणि वजन जुळले म्हणजे नौका सारख्या झाल्या, असे नाही. ‘फिन’ वर्गाला हे चांगलेच समजले. रिकार्ड सार्बी यांनी आखलेली ही ४.५ मीटरची एकट्याची नौका १९५२ पासून ‘टोकियो २०२०’पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. फायबर ग्लासची धडे आल्यावर बांधणाऱ्यांना टोके हलकी करून सगळा भार मध्यावर आणणे जमू लागले. एकूण वजन तेच, पण लाटेवर अशी नौका कमी डुलते आणि वेग टिकवते. काटा हे दाखवत नाही. यावर जिल्बेर लांबोले या फ्रेंच मापकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झुलवण्याची चाचणी काढली. नौका एका आसावर टांगायची, हलकासा झोका द्यायचा आणि काही झोक्यांचा वेळ स्टॉपवॉचने घ्यायचा. मग आस ठरावीक अंतराने सरकवून पुन्हा तेच. दोन वेळांवरून गुरुत्वमध्य कुठे आहे आणि भार मध्यापासून किती दूर पसरला आहे, हे गणिताने निघते. टोके हलकी असली तर झोका लवकर पुरा होतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला दोलक एका धूर्त पळवाटेला पुरून उरला. नौकामापनाच्या इतिहासात याहून देखणे काम दुसरे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रमाणपत्र एकदा मिळते, पण नौका नियमांत ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक शर्यतीत मालकाची आणि नौका सांभाळणाऱ्याची असते. मोठ्या स्पर्धेत तपासणी पुन्हा होते, कधी शर्यत संपताच पाण्यावरच. कपड्यांचेही वजन करतात. पूर्वी काही जण अंगावरचे कपडे भिजवून वजन वाढवत, कारण बाहेर झुकून नौका सरळ ठेवायला ते उपयोगी पडे. पाठीवर मात्र त्याचा भार भयंकर येई. आता कपडे व सामान पूर्ण भिजवून, रॅकवर टांगून, एक मिनिट निथळू देऊन तोलतात. मर्यादा ८ किलोची. वर्गाला ती कमी करता येते किंवा १० पर्यंत वाढवता येते.

नौकेत फरक सापडला म्हणजे लगेच बाद, असेही नाही. धक्क्याने किंवा नेहमीच्या झिजेने मर्यादा ओलांडली गेली आणि त्यातून वेगाचा फायदा झाला नाही, तर शिक्षा होत नाही. मात्र शक्य तेव्हा, पुढच्या शर्यतीआधी, दुरुस्ती करावी लागते. नियमाच्या अर्थाविषयी शंका राहिली तर निवाडा समिती स्वतः तर्क लढवत नाही, नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्या संस्थेचा तिला विचारते. स्वतःच्या मालकीच्या किंवा स्वतः बांधलेल्या नौकेवर मापकाने सही करू नये, असा दंडक बहुतेक वर्गांत आहे.

या पद्धतीतले बरेच काही कृष्णेतल्या शर्यतींनाही उपयोगी पडावे. दोन गावांच्या होड्या लाकडाने आणि घडणीने वेगळ्या असल्या, तर त्यांना एकाच आराखड्यात कोंबण्याची गरज नाही आणि तसे करूही नये. प्रत्येक होडीमागे तिच्या सुताराचे कसब असते. लांबी, मधली रुंदी आणि किमान वजन, एवढ्या तीन मर्यादा आधी लिहून जाहीर केल्या तरी घाटावरचे निम्मे वाद मिटतील. लाकडी होडी पाण्यात राहिली की पाणी पिऊन जड होते, म्हणून वजन पावसाळ्याआधी, होडी काठावर उपडी पडून वाळलेली असताना करावे. कमी भरलेल्या होडीला भरवजन लावून त्यावर दोन्ही गावांच्या पंचांसमोर खूण करावी.