मामाचं टक्कल, विहिरीचं पाणी आणि फिनास्टेराइड

गणपतीला चाकरमानी गावात उतरले की आरतीआधी ओटीवर जी चौकशी चालते, तिच्यात केसांचा विषय निघतोच. "केस खंय गेले रे तुझे? मुंबयचा पाणी बाधला तुका." गावातच राहणाऱ्याचे केस गेले तर दोष बोअरवेलला. मालवण-वेंगुर्ल्याकडे खाऱ्या वाऱ्याला, आणि अलीकडे हेल्मेटला. हे ऐकलं की मला वाटतं, आरती सुरू झाल्यावर एकदा सगळ्यांच्या मागे जाऊन उभं राहावं. उत्तर तिथून स्वच्छ दिसतं.

आजोळच्या गणपतीपुढे आजोबा उभे असतात. त्यांनी जन्मभर घरच्या विहिरीचं पाणी अंगावर घेतलं. शेजारी मामा, त्याची तीस वर्षं परळला नळाच्या पाण्यावर गेली. बाजूला भाचा, तो पुण्यात टँकरच्या पाण्याने अंघोळ करतो. तिघांच्याही टाळूवर केस विरळ झालेले आणि कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकलेलं. तिघांच्याही कानांवर आणि मानेकडे मात्र केस भरपूर. डोक्यावर ओतलेलं पाणी टाळूवरून मानेवरच जातं. पाण्याने केस जात असते तर मानेकडचेही गेले असते. खारं पाणी आणि वारा केसाला खरखरीत करतात, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही ठाऊक आहे. पण बाहेर दिसणारा केस हा मृत भाग आहे. जिवंत कारखाना त्वचेत काही मिलिमीटर खोल असतो.

हा कारखाना म्हणजे केसाचं बीजकोश. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५९ साली दाखवून दिलं, की मानेकडची बीजकोशं काढून टकलाच्या जागी लावली तर ती तिथेही तशीच केस देत राहतात. जागा बदलली तरी त्यांचा स्वभाव बदलत नाही. आज रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत ज्यांना आपण 'हेअर ट्रान्सप्लांट' म्हणतो त्या सगळ्या शस्त्रक्रिया याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. म्हणजे टाळूवरच्या बीजकोशांत असं काही आहे, जे मानेकडच्यांत नाही.

ते काय, याचा धागा फार जुना आहे. वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या लिखाणातही आहे. १९४२ साली अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी ते नीट तपासलं. वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणात तयार होणारं पुरुषी संप्रेरक, दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस विरळ होऊ लागायचे. देणं थांबवलं की विरळ होणंही थांबायचं. नुसतं संप्रेरक पुरेसं नाही, नुसतं घराणंही पुरेसं नाही, दोन्ही लागतात.

घराण्याच्या बाबतीत 'मामावर गेलाय' या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पुरुषी संप्रेरकांचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण २०१७ साली ब्रिटनमध्ये ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा टकलाशी संबंधित २८७ जागा सापडल्या आणि त्यांतल्या फक्त ४० एक्स गुणसूत्रावर होत्या. तेव्हा बापाकडची माणसंही जबाबदारीतून सुटत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. टाळूवर उपद्रव करतं ते थेट टेस्टोस्टेरॉन नव्हे. काही ऊतींमध्ये '५-अल्फा रिडक्टेज' नावाचं विकर म्हणजे एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनला हायड्रोजनचे दोन अणू जोडतं आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, तयार होतं. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण डीएचटी त्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला जास्त घट्ट धरतं आणि लवकर सोडत नाही. हेच डीएचटी हनुवटीवर दाढी वाढवतं आणि टाळूवर केस बारीक करतं. एकाच रेणूचा आदेश दोन जागची बीजकोशं उलट अर्थाने घेतात, आणि मला तरी जीवशास्त्रात याहून विलक्षण गोष्टी फार थोड्या दिसतात.

'बारीक करतं' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो तसाच राहतो आणि गळतो, की त्याच बीजकोशातून नवा सुरू होतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणं त्यामुळे नेहमीचंच. डीएचटीमुळे वाढीचा काळ दर फेरीला आखडत जातो. चार वर्षं वाढणारा केस वर्षभर वाढू लागतो, मग काही महिने. बीजकोश लहान होतं, केस पातळ होतो आणि शेवटी लहान मुलाच्या गालावर असते तशी लव उरते. फणीत किती केस आले हे मोजत बसणाऱ्याला खरं नुकसान दिसत नाही. ते पुढच्या केसाच्या जाडीत असतं.

या विकराला अडवता येईल हे सुचलं कसं, तर कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या खेड्यामुळे. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांच्या शरीरात पुरुषाची लक्षणं येत. ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली 'सायन्स' नियतकालिकात याचं कारण दिलं: त्यांच्यात ५-अल्फा रिडक्टेज विकर जन्मापासूनच तोकडं होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथी लहान राहायची, दाढी विरळ असायची आणि कपाळावरचे केस मागे सरकत नसत. मर्क या अमेरिकी औषध कंपनीत तेव्हा संशोधनाची धुरा सांभाळणारे रॉय व्हॅजेलॉस यांनी ते वाचलं आणि या विकराला अडवणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला. त्यातून निघालेलं फिनास्टेराइड आधी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या गोळीत आलं, १९९२ साली. टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

हा रेणू विकराला अडवतो कसा, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा जीव तिथे आहे. टेस्टोस्टेरॉनच्या पहिल्या कड्यात चौथ्या आणि पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. विकर एनएडीपीएच नावाच्या सहकारी रेणूकडून हायड्राइड, म्हणजे एक हायड्रोजन आणि त्याचे दोन इलेक्ट्रॉन, घेऊन पाचव्या कार्बनवर ठेवतं. चौथ्या कार्बनवर एक प्रोटॉन येतो, दुहेरी बंध संपतो, डीएचटी सुटून बाहेर जातं. फिनास्टेराइड घडणीने टेस्टोस्टेरॉनचंच भावंड आहे, पण त्यात चौथ्या जागी कार्बनऐवजी नायट्रोजन आहे आणि दुहेरी बंध पहिल्या-दुसऱ्या कार्बनमध्ये आहे. विकर फसतं आणि नेहमीचं काम सुरू करतं. हायड्राइड या वेळी पहिल्या कार्बनवर जातं. त्यामुळे दुसऱ्या कार्बनकडे इलेक्ट्रॉनांची जोडी उरते. ती प्रोटॉनची वाट पाहत बसत नाही. शेजारी हायड्राइड देऊन नुकताच रिकामा झालेला एनएडीपीएच, म्हणजे आता एनएडीपी, असतो, त्यालाच जाऊन चिकटते. औषध आणि सहकारी रेणू यांचा एकच जोड-रेणू बनतो आणि विकराच्या पोटात अडकून बसतो. तेल न लावता फणसात हात घातला की गरा हाती येण्याआधी चीक बोटं धरतो, तसं. विकराला बाहेरून कुणी मारलेलं नसतं, स्वतःच्या कामातच ते गुंतलेलं असतं. २०२० साली या विकराची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा हा जोड-रेणू त्याच्या आत बसलेला प्रत्यक्ष दिसला.

यातून एक कोडं सुटतं. फिनास्टेराइड रक्तातून पाच-सहा तासांत निम्मं होतं, तरी दिवसाला एक गोळी पुरते. कारण त्या जोडातून निम्मं विकर सुटायलाच साधारण ३० दिवस लागतात. गोळी बंद केल्यावर मात्र दोनेक आठवड्यांत डीएचटी पूर्वपदावर येतं, कारण पेशी नवं विकर बनवतच असतात. म्हणून हे औषध चालू आहे तोवरच उपयोगाचं. थांबवल्यावर वर्षभरात मिळवलेले केस जातात.

परिणाम किती? १ मिलिग्रॅमने रक्तातलं डीएचटी २४ तासांत सुमारे ६५ टक्क्यांनी उतरतं. दोन वर्षांच्या चाचण्यांत टाळूवरच्या ठरावीक वर्तुळातले केस मोजले तेव्हा गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांचे केस कमी झाले नव्हते. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. तीन महिन्यांच्या आत फरक शोधू नये. आणि जिथे फक्त गुळगुळीत कातडी उरली आहे तिथे गोळीकडून काही मिळायचं नाही. असलेलं टिकवणं हीच तिची मुख्य कामगिरी. मिनॉक्सिडिल या लोशनचा मार्ग वेगळा आहे. ते मुळात रक्तदाबाचं औषध, रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्यामुळे त्याचा हा गुण कळला. ते वाढीचा काळ लांबवतं, डीएचटीला हात लावत नाही.

खोबरेलाबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात खोबरेलामुळे केसांतून प्रथिन जाण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाने तसं झालं नाही. घाण्याचं ताजं तेल केसाला जपतं, यात शंका नाही. पण ते विकरापर्यंत पोचत नाही. माका, जास्वंद, कांद्याचा रस घालून 'टकलावर खात्रीने केस' म्हणून एसटी स्टँडाबाहेर आणि मोबाइलवर जी बाटली विकली जाते, तिच्याबद्दल मला सरळ राग येतो. आपल्या १९४५ च्या औषध नियमांत 'अनुसूची जे' आहे, म्हणजे ज्या व्याधी बरं करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करू नये त्यांची यादी. त्या यादीत टक्कल नाव घेऊन नोंदलेलं आहे. 'टक्कल पडलं की पैका येतो' या समजुतीने निदान कुणाचा खिसा कापला जात नाही. बाटलीने कापला जातो.

सगळं टक्कल एकाच कारणाचं नसतं, हेही सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये बुलडाण्यात शेगावकडच्या गावांत बायकामुलांसकट लोकांचे केस काही दिवसांत झडले, तेव्हाही आधी पाण्यालाच धरलं गेलं. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस अचानक, चट्ट्यांनी किंवा सगळ्या डोक्यावरून जात असतील तर ते मामाचं टक्कल नव्हे. तिथे फिनास्टेराइड उपयोगाचं नाही आणि कारण शोधणंच महत्त्वाचं.

मेडिकलमधून परस्पर गोळी आणणाऱ्यांची मला काळजी वाटते. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे. चाचण्यांत इच्छा कमी होणं, ताठरता न येणं असे लैंगिक त्रास ३.८ टक्के पुरुषांना झाले, खोटी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्क्यांना. फरक लहान आहे, पण आहे. काहींनी गोळी थांबवल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलं आहे. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. मन उदास राहू लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठायचं, लाजायचं नाही. प्रोस्टेटच्या आजारासाठी रक्तातलं पीएसए, म्हणजे त्या ग्रंथीचं प्रथिन, तपासणार असाल तर फिनास्टेराइड चालू असल्याचं आधी सांगा. ते पीएसए जवळपास निम्म्यावर आणतं आणि आकडा खोटा दिलासा देऊ शकतो.

पैसे वाचवायला आजोबांची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरीने चार तुकडे करून घेणारे तरुण आहेत. अखंड गोळीवर आवरण असतं, तुटल्यावर चुरा ताटलीवर आणि बोटांवर राहतो. गर्भातल्या मुलाचे जननावयव घडायला डीएचटी लागतं, म्हणून गरोदर बाईने तुटलेली गोळी हाताळायची नसते. याच कारणाने अमेरिकेतली रेड क्रॉस फिनास्टेराइड बंद करून महिना झाल्याशिवाय रक्त घेत नाही. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर गोळी डब्यात वेगळी, वर ठेवा आणि तिचे तुकडे करू नका.