काचेत कोरलेला गणपती आणि काचेत लिहिलेला लेसर

सेमिनारचे दिवस आले की माझ्या टेबलावर एखादा तरी काचेचा ठोकळा येऊन बसतो. आत पांढऱ्या ठिपक्यांचा गणपती, खाली एलईडीचा स्टँड, कॉलेज रोडवरच्या भेटवस्तूंच्या दुकानातून आणलेला. विद्यार्थी ठामपणे सांगतो, "सर, काचेच्या आत लेसरनं लिहितात ते हेच. तिथं गणपतीऐवजी वेव्हगाइड असतो, एवढंच." वेव्हगाइड म्हणजे काचेच्या आतली प्रकाशाची वाट. यंदा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत लेसर मार्किंगची जॉबवर्क करणारे एक जुने स्नेहीही हेच बोलले, तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकू.

ठोकळ्याचं तंत्र थोडक्यात असं. नॅनोसेकंदांच्या (सेकंदाच्या अब्जांशाच्या) पल्सचा, म्हणजे प्रकाशाच्या ठोक्यांचा, बहुधा हिरवा लेसर, फोकस काचेच्या पोटात, एका पल्सला एक ठिपका. पुढे जाऊ.

आता तोच गणपती दहापट भिंगाखाली धरा. सोंडेवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे चहूबाजूंनी तडकलेली बारीक चांदणी असते. त्या तड्यांवरून प्रकाश विखुरतो म्हणून ठिपका पांढरा दिसतो. गणपती दिसतो, कारण तिथं काच फुटलेली आहे.

वेव्हगाइडमध्ये काच फुटता कामा नये. घोटाळा होतो तो नेमका इथं. फोकसपाशी काही मायक्रॉन जागेत काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते तो आकडा, थोडासा बदलायचा असतो. थोडासा म्हणजे १.५०० चा १.५०१, बस्स. काच सावकाश सरकवत नेली की आत एक अखंड रेघ तयार होते आणि प्रकाश त्या रेघेतून चारीतल्या पाण्यासारखा जातो. गंगापूर धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको की चारी फुटली तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. इथं प्रत्येक तडा म्हणजे फुटलेली चारी. शिवाय लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांमध्ये ये-जा करतो, त्यामुळे गळतीचा भुर्दंड दर फेरीला बसतो.

असा एक नमुना मी हातात घेऊन पाहिलाय. सरळ पाहिलं तर साधी काच. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा केसाहून बारीक रेघ चमकून गेली. काचेत ठळक पांढरी रेघ दिसली, तर माझ्या मते तो तुकडा सरळ बाजूला टाकावा.

हा फरक पडतो पल्सच्या लांबीमुळे: गणपतीची पल्स नॅनोसेकंदांची, वेव्हगाइडची फेम्टोसेकंदांची, आणि फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग. १० नॅनोसेकंदांची पल्स ही १०० फेम्टोसेकंदांच्या पल्सपेक्षा एक लाख पट लांब. लांब पल्समध्ये काचेतल्या एखाद्या अशुद्धीपाशी मोकळे सापडलेले चार इलेक्ट्रॉन इतरांना धक्के मारत सुटतात, काच तापते, आतून दाब येतो आणि ती तडकते. कुठं, किती, हा बराचसा नशिबाचा भाग. फेम्टोसेकंद पल्सला नशिबाची गरज पडत नाही. शुद्ध सिलिका काचेतल्या इलेक्ट्रॉनला सोडवायला सुमारे ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, ८०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशकणाकडे, असते १.५५. म्हणजे सहा फोटॉन एकदम हवेत, आणि एवढी गर्दी फक्त फोकसच्या ऐन मध्यावरच होते. पल्समधली ऊर्जा जेमतेम १०० नॅनोज्यूल, पण ती १०० फेम्टोसेकंदांत ओतली की क्षणिक शक्ती १० लाख वॅट. काचेचे अणू हलायला लागेपर्यंत पल्स संपलेली असते.

यावरून "फेम्टोसेकंद म्हणजे थंड लेसर" असं कुणी म्हणालं की माझं डोकं तापतं. पल्स भराभर मारल्या, सेकंदाला दहा लाखांच्या घरात, की उष्णता साचतेच, आणि काही काचांत ती मुद्दाम साचवतात. मशीन फेम्टोसेकंदवालं आहे म्हणून काम फत्ते, असंही नाही. ऊर्जा वाढवत नेली की शुद्ध सिलिकात आधी अतिसूक्ष्म पट्ट्यांची जाळी उमटते आणि मग पोकळ्या पडतात. म्हणजे फिरून गणपतीच! एकाच मशीनवर या तिन्ही गोष्टी घडतात, तेव्हा ब्रोशरवरच्या नावापेक्षा ऊर्जा किती ठेवली आणि काच किती वेगानं सरकवली ते विचारा.

काचेचाही स्वभाव असतो. झिब्लान या फ्लोराइड काचेत लेसर फिरला की अपवर्तनांक सहसा उतरतो. प्रकाश धरून ठेवायला वाटेचा अपवर्तनांक भोवतालापेक्षा जास्त लागतो, म्हणून तिथं वाट लिहून उपयोग नाही, कुंपण लिहावं लागतं: मधली काच तशीच ठेवून भोवती रेघांचं कडं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या गटानं अशाच कड्यात थुलियम या मूलद्रव्याचा, १.९ मायक्रॉनच्या आसपासचा लेसर चालवून दाखवला. मला ही युक्ती सगळ्यात आवडते.

दुसरा गोंधळ किरकोळ आहे: लिहिणारा लेसर वेगळा, लिहिलेला वेगळा. नुसता वेव्हगाइड म्हणजे लेसर नव्हे. काचेत अर्बियम, यटर्बियमसारखं मूलद्रव्य मिसळलेलं हवं, एका टोकानं त्याला ऊर्जा पुरवणारा पंप डायोड हवा आणि आरसे हवेत. साध्या काचेत वेव्हगाइड लिहिल्याचं जपानमधून १९९६ साली प्रसिद्ध झालं, पण त्या पद्धतीचा वेव्हगाइड लेसर मिलानच्या गटानं मांडला तो २००४ साली, अर्बियम-यटर्बियमच्या फॉस्फेट काचेत. पुढे सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात आरशाच्या जागी ब्रॅग ग्रेटिंगसुद्धा (ठराविक लहरलांबीचा प्रकाश परतवणारी बारीक पट्ट्यांची रांग) त्याच रेघेत लिहिलं आणि २००९ साली १०० मिलीवॅट मिळवले. आरसे जुळवत बसायची कटकट गेली.

अंबडच्या स्नेह्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमच्या मशीनवर जमेल का?" त्यांचं मशीन १०६४ नॅनोमीटरचं, शंभरेक नॅनोसेकंद पल्सचं, बेअरिंगवर नंबर मारणारं. काचेचा तुकडा खाली ठेवून चालवलं तर बीम काचेतून आरपार जाईल आणि नंबर खालच्या टेबलावर उमटेल.