पावणेअकरा मिनिटांचे रीळ आणि बारा वर्षांची तालीम: युद्धकलांवरील माहितीपटांची पार्श्वभूमी

सोळा मिलिमीटर फिल्मचे 400 फुटांचे रीळ सेकंदाला 25 चौकटींच्या वेगाने चालवले, तर पावणेअकरा मिनिटांच्या आत संपते. कुठल्याही जुन्या युद्धकलेच्या तालमीत एवढ्या वेळात अंगही धड तापत नाही. तीच हालचाल वर्षानुवर्षे घोटायची ही तालमीची रीत, आणि एकदा दाखवलेले पुन्हा दाखवायचे नाही ही दूरचित्रवाणीची. या माहितीपटांचा इतिहास बराचसा या भांडणातून घडला आहे.

सुरुवातीचे चित्रीकरण टीव्हीसाठी नव्हतेच. आयकिदोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा यांची प्रात्यक्षिके 1935 मध्ये ओसाकातल्या असाही वृत्तपत्राच्या पुढाकाराने फिल्मवर टिपली गेली. ज्युदोचे क्यूझो मिफुने यांच्यावरचा चित्रपट 1955 चा. दोन्हींत कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा आहे आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस दिसतो. आज ते कंटाळवाणे वाटेल, पण शिकणाऱ्याच्या कामाचे तेच. 1958 मध्ये ‘राँदेव्हू विथ अ‍ॅडव्हेंचर’ या अमेरिकी मालिकेत उएशिबा पुन्हा दिसले. तोवर दृष्टी बदलली होती. कला कशी शिकतात यापेक्षा परदेशी पाहुण्याला काय नवल वाटते, याला महत्त्व आले होते. हा पाहुणा पुढे या प्रकारातून कधीच गेला नाही.

सत्तरच्या दशकात कुंग-फू चित्रपटांची लाट आली आणि प्रेक्षक आयता तयार झाला. त्याच पाठबळावर बीबीसीने 1983 मध्ये ‘द वे ऑफ द वॉरियर’ ही आठ भागांची मालिका दाखवली. ओकिनावाची कराटे, फिलिपिन्सची काठ्या-सुऱ्यांची एस्क्रिमा, ताई-ची, केरळचे कलरिपयट्टू, जपानची तलवारीची जुनी शाळा कातोरी शिंतो-र्‍यू अशा कलांना तिने वेळ दिला आणि गुरूंना त्यांच्याच तालमीत गाठले. हे लिहायला सोपे, करायला अवघड. पारंपरिक कलरी म्हणजे साधारण 42 फूट लांब, 21 फूट रुंद, जमीन खोदून केलेली खोलगट तालीम. छप्पर उतरते, दार पूर्वेला, नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूत्तरा, म्हणजे पूजेची वेदी. उजेड बेताचा. कॅमेरा ठेवायला जागा फक्त कडेला, आणि दिवे लावावेत तर घामाने व तेलाने चकाकणारी अंगे पांढरी पडतात. उत्तरेकडच्या शैलीत शिक्षणाचा क्रमही पक्का: आधी मेय्तारी, म्हणजे अंग घडवणे, मग कोल्तारी म्हणजे लाकडी हत्यारे, नंतर अंकतारी म्हणजे धातूची हत्यारे, आणि त्यानंतर वेरुमकै, म्हणजे रिकाम्या हाताने लढणे. माहितीपट हा क्रम हमखास उलटा करतात. उरुमी या पट्ट्यासारख्या तलवारीचे लवचिक पाते पहिल्याच मिनिटाला सळसळते आणि मेय्तारी अर्ध्या मिनिटात उरकते. पाहणाऱ्याला हत्यार हीच कला वाटते, ती त्यामुळे.

कातोरी शिंतो-र्‍यूची अडचण निराळी. इथे प्रवेश घेताना बोट टोचून रक्ताने शपथेवर सही करतात, आणि कला बाहेरच्यांना उघड न करणे हा त्या शपथेचा भाग. तिचे लांबलचक तलवार-काता, म्हणजे ठरलेल्या चालींचे जोडीचे सराव, तर मुळातच असे बांधलेले आहेत की वरवर तलवारीवर आदळणारा वार प्रत्यक्षात अंगावर कुठे बसायचा, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळू नये. कॅमेऱ्याने सगळे टिपले तरी मर्म शाळेतच राहते. निवेदकाने मात्र ‘हे गुपित प्रथमच पडद्यावर’ म्हटले, की समजावे गुपित सुखरूप आहे.

चित्रीकरणात खरी फसगत होते ती अंतराच्या बाबतीत. हत्याराच्या कलेत अंतर हेच सर्वस्व. लांब पल्ल्याची लेन्स समोरून लावली तर दोघांमधली मोकळी जागा आकसते आणि हातभर चुकलेला वार बसल्यासारखा दिसतो. वाइड लेन्स जवळून लावली तर उलटे घडते, पाऊलभर अंतर दोन पावलांचे वाटते. त्यासाठी कॅमेरा दोघांच्या रेषेला काटकोनात, नेहमीच्या डोळ्यासारख्या लेन्सवर ठेवून पाय चौकटीत घ्यावे लागतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे असेल आणि काठीचे टोक सेकंदाला 20 मीटर वेगाने फिरत असेल, तर प्रत्येक चौकटीत ते 40 सेंटीमीटर पसरते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेले तर पसारा 4 सेंटीमीटर उरतो, पण चाल झटक्याझटक्याची दिसू लागते. त्यात क्लोज-अपसाठी डाव पुन्हा करायला सांगितला, की वार झेलणाऱ्याला पुढचे माहीत असते. तो आधीच झुकतो. डाव सुंदर दिसतो आणि खोटा पडतो.

नोव्हेंबर 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला वेगवेगळ्या युद्धकलांचे लढवय्ये एकमेकांशी झुंजवणारी पहिली यूएफसी स्पर्धा झाली आणि प्रश्नच बदलला: यात मुरायचे कसे, हे मागे पडून यातले चालते काय, हे पुढे आले. 2007 मध्ये हिस्टरी चॅनेलची ‘ह्यूमन वेपन’ आणि वर्षअखेरीस डिस्कव्हरीची ‘फाइट क्वेस्ट’ आली. दोन सूत्रधार देशोदेशी जायचे, शिकायचे आणि शेवटी स्थानिक लढवय्याशी भिडायचे. ‘फाइट क्वेस्ट’मध्ये शिकायला मिळायचे पाच दिवस. पाच दिवसांत शरीर दुखते, हात बसत नाही. त्यामुळे पडद्यावर दिसते ती सूत्रधाराची सोसण्याची ताकद. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. अनोळखी अंगावर डाव करताना गुरूला जी दुरुस्ती करावी लागते, ती आज्ञाधारक शिष्यावर कधीच दिसत नाही. या मालिकांतले तेच क्षण आजही पाहावेत.

नॅशनल जिओग्राफिकच्या ‘फाइट सायन्स’ने 2006 मध्ये वाट प्रयोगशाळेकडे वळवली होती. सेन्सर लावलेला पुतळा आणि हाय-स्पीड कॅमेरे. एक पंचमांश सेकंदाचा ठोसा साध्या कॅमेऱ्यात पाच चौकटींत आटोपतो. सेकंदाला 1000 चौकटी घेतल्या तर त्याच्या 200 होतात आणि पडद्यावर तो आठ सेकंद चालतो. प्रत्येक चौकटीला उजेड चाळीसपट कमी मिळतो, म्हणून दिव्यांचा भडिमार लागतो. पण पुतळा सरकत नाही. जोर मोजता येतो, वेळ साधणे मोजता येत नाही.

पुढे जतनाचा हेतू आला. कोरियाचे तेक्क्योन 2011 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले, ब्राझीलचे कापोएरा 2014 मध्ये, इंडोनेशियाचे पेंचाक सिलाट 2019 मध्ये, ताई-ची 2020 मध्ये. यादीसाठीच्या प्रस्तावाबरोबर पाच ते दहा मिनिटांची चित्रफीत द्यावी लागते. म्हणजे हिशेब पुन्हा एका रिळाचाच! हाँगकाँगमध्ये 2012 पासून ज्येष्ठ गुरूंचे कुंग-फू मोशन कॅप्चरने, म्हणजे अंगावर खुणेचे मार्कर लावून हालचाल संगणकात टिपण्याच्या तंत्राने, साठवले जात आहे. त्यात वेळेची मर्यादा नाही, कोन हवा तो नंतर निवडता येतो. मात्र दोघे एकमेकांना भिडले की अंगावरचे मार्कर झाकले जातात आणि आकडेवारीत भोके पडतात. त्यामुळे एकट्याने करायचे फॉर्म सहज साठवता येतात. समोरच्याच्या हाताचा दाब ओळखण्याचा जोडीचा सराव टिपणे मात्र जड जाते.