नुसती पिशवी काढली, की अंडाशयंही?

आंब्याच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या की देवगड-वेंगुर्ल्याकडे काही जणी वर्षभर पुढे ढकललेलं ऑपरेशन उरकून घेतात. अंगावरून फार जातं, गाठी आहेत, रक्त कमी झालंय, तर पिशवी काढून टाकू आणि पाऊस लागायच्या आत घरी येऊ, असा हिशेब असतो. पुढे कुठल्याही डॉक्टरने विचारलं की उत्तर ठरलेलं: पिशवी काढलीय. हृदयाचा विचार करता ही माहिती अर्धीच आहे. नुसतं गर्भाशय गेलं, की त्यासोबत दोन्ही अंडाशयंही?

पाळी दोन्हींत थांबते, घोळ तिथेच होतो. गर्भाशय काढलं की पाळीत गळून जाणारं अस्तरच उरत नाही. पण इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अंडाशयं तयार करतात आणि ती जागेवर असतील तर ते काम चालूच राहतं. काही जणींची अंडाशयं अपेक्षेपेक्षा थोडी लवकर थकतात, एवढंच. दोन्ही अंडाशयं काढली तर मात्र इस्ट्रोजेन काही दिवसांतच तळाला जातं. वयानुसार पाळी जाते तेव्हा शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात, इथे ती मिळत नाहीत. म्हणून चाळिशीच्या बाईलाही एकाएकी गरम वाफा येतात, रात्री घामाने गाऊन भिजतो.

वाफा निदान जाणवतात तरी. धमन्यांत जे होतं ते जाणवत नाही. धमनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे ते येऊन चिकटायच्या जागा, असतात. ते तिथे चिकटलं की पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंतीतला स्नायू सैलावतो आणि रक्ताला वाट मोकळी होते. (याच वायूचं रक्तवाहिन्यांतलं काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.) शिवाय यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल उचलून घेतं, त्यालाही इस्ट्रोजेनची मदत होते. ही मदत थांबली की एलडीएल चढतं, धमन्या हळूहळू ताठर होतात, चरबी पोटाभोवती साठू लागते.

अमेरिकेतल्या १,२१,७०० परिचारिकांच्या अभ्यासात १९८७ साली दिसलं, की दोन्ही अंडाशयं काढलेल्या आणि नंतर कधीच इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांत हृदयविकाराचा धोका, पाळी चालू असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट होता. आपोआप पाळी गेलेल्यांमध्ये मात्र वय आणि धूम्रपान हिशेबात धरल्यावर अशी वाढ दिसली नाही. म्हणूनच कर्करोग, त्याचा घराण्यातला धोका किंवा तसंच ठोस कारण नसताना, 'पोट उघडलंच आहे तर तेही काढू' हा युक्तिवाद मला पटत नाही.

मग गोळीने भरपाई करावी का? २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन प्रकल्पाची एक चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारं दुसरं हार्मोन) एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाढला होता, शिवाय हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या होत्या. त्या बातमीची भीती अजून गेलेली नाही. पण त्या १६,६०८ बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि गर्भाशय सगळ्यांचं शाबूत होतं. गर्भाशय काढलेल्यांना त्याच प्रकल्पात नुसतं इस्ट्रोजेन दिलं गेलं. त्यांच्यात हृदयविकार वाढला नाही, पक्षाघात वाढला. चाळिशीत अंडाशयं गेलेल्या बाईचा प्रश्नच निराळा आहे. तिला स्तनाच्या कर्करोगासारखी आडकाठी नसेल, तर साधारण पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असाच सल्ला सहसा असतो. गोळी यकृतातून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवरच्या पॅचने किंवा जेलने ते तितकं होत नाही. यातलं काहीही दुकानातून परस्पर आणून घ्यायचं नाही.

बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल, नुसती पिशवी गेलेली काय आणि अंडाशयंही गेलेली काय, दोघींनीही तपासावं, पण अंडाशयं गेलेलीने आधीपासून आणि न चुकता. बीपीसाठी सुका बांगडा आणि खारावर हात आखडता घ्यावा लागेल, हे सांगताना मलाही वाईट वाटतं.

आईचं किंवा काकूचं डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत असेल तर काढून बघा. 'टीएएच' म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलं. पुढे 'बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयं नळ्यांसकट गेली. कार्ड हरवलं असेल तर पिशवीचा तपासणी रिपोर्ट शोधा, काय काय काढून पाठवलं ते त्यात असतं. तोही नसेल तर सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात का ते पाहता येतं. अंडाशयं असतील, पण ती अजून काम करतात का हे पाळीवरून कळायची सोय उरलेली नसेल, तर एफएसएच ही रक्ताची तपासणी आहे; अंडाशयं थकली की हे हार्मोन रक्तात वाढतं.