तझहीबच्या शिक्षणाची पार्श्वभूमी: सोने राहिले, अक्षर दुरावले

इस्तंबूलमध्ये तझहीब, म्हणजे हस्तलिखितांवरील सोनेरी नकाशीकाम, शिकणारा विद्यार्थी आज आधी पाने, कळ्या आणि वेलींची वळणे पेन्सिलीने गिरवतो, मग सोने हाताळू लागतो, आणि पूर्ण झालेले काम बहुधा चौकटीत बसवून भिंतीवर लावतो. ज्या मजकुरासाठी ही नकाशी जन्माला आली, तो मजकूर त्याला वाचता येईलच असे नाही. या अभ्यासक्रमाची घडण मुख्यतः 1924 ते 1936 या बारा वर्षांत झाली आणि तिच्यामागे एका राज्यकारभाराच्या निर्णयाचा मोठा हात आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. इ.स. 1000-01 मध्ये बगदादला लिहिलेल्या आणि आज डब्लिनमध्ये असलेल्या कुराणात सोनेरी पाने पूर्ण बहरलेली दिसतात. 1304 ते 1306 दरम्यान कैरोत लिहिलेल्या सात खंडांच्या कुराणात तर अक्षरेही सोन्याचीच आहेत. पंधराव्या शतकात हेरातच्या (आजच्या अफगाणिस्तानातील शहर) दरबारी कारखान्यांनी या कलेला नाजूकपणा दिला. 1514 मध्ये उस्मानी (ऑटोमन) फौजांनी इराणातले तब्रीझ घेतल्यावर तिथले कारागीर इस्तंबूलला नेण्यात आले, आणि सुलतान सुलेमानच्या कारकिर्दीत ट्यूलिप, गुलाब आणि कार्नेशन ही बागेतली फुले नकाशीत आली. दख्खनच्या सुलतानी दरबारांतही ही परंपरा इराणी वळणाने पोहोचली. दौलताबादचा घोटीव कागद मराठी दप्तरांतही वापरला जात असल्याने, कागदाला खळ लावून तो घोटण्याची क्रिया आपल्याकडे अगदीच परकी नाही.

या सगळ्या काळात शिक्षण कारखान्यातच होत असे. नवशिका कागद घोटे, रंग वाटे आणि सोने खली. या शेवटच्या कामाची रीत आजही फारशी बदललेली नाही. चिनीमातीच्या सपाट बशीत दाट डिंक किंवा मध घेऊन सोन्याचा वर्ख एकेक करून त्यात टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी तासन्‌तास गोल गोल घोटायचा. वर्खाची चकाकी जाऊन मातकट लगदा झाला, की तो पाण्यात कालवून गाळायचा आणि सोने तळाशी बसू द्यायचे. वरचे पाणी ओतून पुन्हा नवे घालायचे, डिंक पूर्ण निघेपर्यंत; तो राहिला तर सोने काळपट दिसते. नंतर हे सोने जिलेटिनच्या पातळ पाण्यात कालवून कुंचल्याने लावतात आणि वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घोटून त्याला जिल्हई, म्हणजे चकाकी, देतात. जिलेटिन जास्त झाले तर जिल्हई चढत नाही, कमी पडले तर दगडाबरोबर सोनेच निघून येते. पातळ कागद मध्ये ठेवून घोटले तर मंद झाक येते, थेट दगड फिरवला तर आरसपानी चमक. एकाच पानावर या दोन झाका शेजारी खेळवणे, हेच खरे कसब. बारीक काळी रेघ आणि रंग त्यानंतर येतात.

एकोणिसाव्या शतकात या कारखान्यांचा आधार गेला. 1870 च्या दशकात इस्तंबूलमध्ये कुराणाच्या अधिकृत छपाईला सुरुवात झाली आणि हाती लिहिलेल्या प्रतींची मागणी ओसरली. नकाशीतही रोकोको या अलंकारप्रचुर युरोपीय शैलीच्या वळणाच्या फुलांच्या परड्या आणि फिती शिरल्या. त्यावर उपाय म्हणून 1914 मध्ये सुलेखनकारांसाठी एक शाळा उघडण्यात आली. तिथे लिपीच्या जोडीने तझहीब, जिल्दसाजी (पुस्तकबांधणी) आणि अबरी, म्हणजे संगमरवरी छटांच्या, कागदाचे काम शिकवले जाई. पुस्तकाची सारी अंगे एका छताखाली होती, हे त्या शाळेचे मोठेपण.

3 मार्च 1924 च्या कायद्याने सर्व शिक्षण एका मंत्रालयाखाली आले, मदरसे बंद झाले आणि नावात मदरसा असलेली ही शाळाही बंद पडली. ती नव्या नावाने पुन्हा सुरू झाली खरी. पण 1 नोव्हेंबर 1928 रोजी तोवर अरबी लिपीत लिहिल्या जाणाऱ्या तुर्की भाषेसाठी लॅटिन वर्णमालेचा कायदा संमत झाला आणि अरबी लिपी शिकवणाऱ्या शाळेला अर्थच उरला नाही. 1929 मध्ये ती पौर्वात्य सजावटकलांची शाळा म्हणून उघडली, तेव्हा तझहीब राहिले आणि लिपी वगळली गेली. 1936 मध्ये हे वर्ग ललितकलांच्या अकादमीत विलीन झाले. सुलेखन परत आले ते एक कला म्हणून; समाजाची रोजची लिपी ते आता नव्हते.

या निर्णयाबद्दल आजही दोन मते आहेत. एका बाजूच्या मते, तझहीबला ‘सजावट’ ठरवल्यामुळेच ते वाचले. शिक्षकांना पगार मिळाला, नमुने जपले गेले आणि स्त्रियांना मोठ्या संख्येने या कलेत येता आले. आज तुर्कस्तानात या क्षेत्रात स्त्रियांचाच भरणा आहे आणि ही बाजू खोडून काढण्यासारखी नाही. तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक पटते. तझहीबकार मुळात लिहून झालेले पान हाती घेत असे. ओळींमधली जागा, आयतीच्या (कुराणातील वचनाच्या) शेवटचे फूल, समासातले चिन्ह हे सारे मजकूरच ठरवत असे. मजकूर गेला, की नकाशीला स्वतःचीच चौकट शोधावी लागते आणि मग ती चित्र बनते. जुन्या पानातला संयम केवळ आकृत्या गिरवून शिकता येत नाही.

पुढच्या पिढीत ही उणीव काही अंशी भरून काढली ती त्याच शाळेत शिकलेल्या एका डॉक्टरने. त्याने ग्रंथालयांतील पंधराव्या-सोळाव्या शतकांची हस्तलिखिते उघडून नमुने उतरवून घेतले, रोकोको वळण बाजूला सारले आणि इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात वर्ग चालवले. आज ज्याला अभिजात तझहीब म्हणतात, ते बऱ्याच अंशी या निवडीचे फळ आहे. 1980 च्या दशकात विद्यापीठांत पारंपरिक कलांचे विभाग आले आणि पदवीही मिळू लागली.

2021 मध्ये तुर्की सुलेखन संयुक्त राष्ट्रांच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. तझहीब मात्र 2023 मध्ये, अझरबैजान, इराण, ताजिकिस्तान, तुर्कस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या संयुक्त प्रस्तावातून, वेगळी कला म्हणून नोंदवले गेले. एका पानावर एकत्र नांदलेल्या या दोन कलांची नोंद 1929 च्या विभागणीप्रमाणेच स्वतंत्र झाली. विद्यार्थ्याला सोने खलण्याबरोबर निदान जुनी लिपी वाचायला शिकवावी, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.