नेटआरसी फाइल

नेटआरसी : युनिक्स घराण्यातील संगणकांवर वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये राहणारी साधी मजकूर-फाइल. कोणत्या सर्व्हरवर कोणत्या नावाने आणि कोणत्या पासवर्डने शिरायचे हे तिच्यात लिहिलेले असते. प्रोग्राम ती वाचतो आणि वापरकर्त्याला न विचारता लॉगिन करतो. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे नेहमीच्या यादीत ती दिसत नाही. लपलेल्या फाइली दाखवायला सांगावे लागते. विंडोजवर कर्ल हा फाइली उतरवणारा प्रोग्राम टिंबाऐवजी अधोरेषेने सुरू होणारे नावही शोधतो. बर्कली युनिक्सच्या एफटीपी (फाइलींची ने-आण करण्याची जुनी पद्धत) प्रोग्रामामुळे १९८०च्या दशकात ती रूढ झाली. एफटीपी मागे पडले, पण कर्ल, त्याच्यासारखाच डब्ल्यूगेट, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट आणि पायथॉन भाषेची, वेब-सर्व्हरला विनंत्या पाठवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी आजही हीच फाइल वाचतात.

मराठवाड्याच्या पावसाचा अभ्यास करणाऱ्याला तिची गरज लगेच कळते. परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला विद्यार्थी अवर्षणावर काम करताना नासाची आयमर्ग ही उपग्रहीय पर्जन्यमालिका उतरवू लागला, तर दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाच्या ४८ फाइली होतात. जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांच्या ५,८५६. एवढ्या वेळा पासवर्ड टंकणे शक्य नाही. तो कमांडच्या ओळीतच लिहिला, तर कमांडच्या इतिहासात राहतो आणि प्रोग्राम चालू असताना त्याच संगणकावरच्या दुसऱ्या वापरकर्त्यालाही चालू प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतो. स्क्रिप्टमध्ये लिहिला, तर स्क्रिप्ट मित्राला पाठवली की पासवर्डही गेला. म्हणून तो वेगळ्या फाइलीत ठेवायचा.

फाइलीची रचना अगदी साधी आहे. ‘मशीन’ या शब्दापुढे सर्व्हरचे नाव, ‘लॉगिन’पुढे सदस्यनाव, ‘पासवर्ड’पुढे पासवर्ड. (हे शब्द फाइलीत लहान रोमन अक्षरांत लिहायचे असतात, येथे उच्चार दिला आहे.) शब्दांमध्ये मोकळी जागा, टॅब किंवा नवी ओळ काहीही चालते, त्यामुळे सगळे एका ओळीत लिहा किंवा तीन ओळींत, अर्थ तोच. ‘डिफॉल्ट’ ही नोंद कोणत्याही सर्व्हरला लागू पडते, म्हणून ती सर्वांत शेवटी हवी. खरे तर ती ठेवूच नये : अनोळखी सर्व्हरलाही आपला पासवर्ड आपणहून देण्याची ती सोय आहे. जुन्या फाइलींत ‘मॅकडेफ’ हा एफटीपीच्या कमांडसंचाचा भाग आढळतो. तो रिकाम्या ओळीने संपतो. ती ओळ विसरली, तर खालच्या नोंदी त्या संचातच गिळल्या जातात.

वाचणारा प्रोग्राम आधी ‘होम’ या पर्यावरण-चलातून (प्रणालीने प्रोग्रामांना पुरवलेल्या मूल्यातून) होम फोल्डर ठरवतो, फाइल उघडून तिचे शब्द वेगळे करतो आणि पत्त्यातले सर्व्हरचे नाव ‘मशीन’च्या नावाशी ताडून पाहतो. जुळणी पूर्ण नावाची होते. पोर्ट (सर्व्हरवरच्या सेवेचा क्रमांक) आणि पुढचा मार्ग विचारात घेतला जात नाही, त्यामुळे एकाच सर्व्हरवरच्या दोन पोर्टांना वेगळे पासवर्ड देता येत नाहीत. जुळलेले नाव आणि पासवर्ड बेस-६४ रूपात विनंतीच्या शीर्षात (हेडरमध्ये) जातात. बेस-६४ म्हणजे कूटलेखन नव्हे, कोणीही ते उलट फिरवू शकतो. म्हणून पत्ता एचटीटीपीएसचाच असावा.

फाइलीत पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. त्याच्यावर पहारा आहे तो फक्त फाइलीच्या परवानगीचा. सीएचमॉड कमांडने ती ६०० करतात : मालकाला वाचन ४ आणि लेखन २ मिळून ६, गटाला शून्य, इतरांना शून्य. पायथॉनचे नेटआरसी मॉड्यूल होम फोल्डरातली फाइल स्वतःहून शोधते तेव्हा मालक आणि परवानगी तपासते व ढिलाई दिसली की चूक दाखवून थांबते. कर्ल असे काही तपासत नाही, तो मुकाट्याने वाचतो. म्हणजे कर्लने काम झाले याचा अर्थ फाइल सुरक्षित आहे असा होत नाही.

सर्वांत मोठे दुखणे सामाईक संगणकांचे आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सगळे विद्यार्थी एकाच खात्याने लॉगिन करत असतील, तर ६०० ही परवानगी निरर्थक ठरते, कारण संगणकाच्या दृष्टीने सगळे एकच मालक. अशा ठिकाणी प्रत्येकाचे खाते वेगळे करून घ्यावे, तोवर ही फाइल तिथे ठेवूच नये. खाते वेगळे असले तरी रूट (सर्वोच्च) अधिकार असलेला व्यवस्थापक ती वाचू शकतो. आपल्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्रामही वाचू शकतो, मग तो इंटरनेटवरून उचललेला का असेना. बँकेच्या किंवा ईमेलच्या खात्यासाठी वापरलेला पासवर्ड या फाइलीत कधीही येता कामा नये. शक्य तिथे पासवर्डऐवजी मोजके अधिकार व मुदत असलेले टोकन (सर्व्हरने दिलेली सांकेतिक अक्षरमाला) घ्यावे.

पर्जन्यमालिकेच्या कामात वारंवार होणारी चूक सर्व्हरच्या नावाची आहे. डेटा ठेवणारा सर्व्हर स्वतः पासवर्ड विचारत नाही. तो विनंती नासाच्या अर्थडेटा लॉगिनकडे वळवतो, म्हणून ‘मशीन’पुढे यूआरएस डॉट अर्थडेटा डॉट नासा डॉट गव्ह हेच नाव हवे. डेटा-सर्व्हरचे नाव लिहिले की नोंद जुळत नाही आणि ४०१ हा नकार येतो. कर्लला लहान ‘एन’ पर्याय दिल्याशिवाय तो फाइल उघडतही नाही. वळवलेल्या पत्त्यामागे जाण्यासाठी मोठा ‘एल’ आणि कुकी साठवण्यासाठी व परत देण्यासाठी ‘सी’ व ‘बी’ हे पर्याय लागतात. पासवर्ड अचूक असूनही नकार आला, तर अर्थडेटा खात्यात ‘नासा गेस डिस्क डेटा अर्काइव्ह’ या ॲप्लिकेशनला मंजुरी दिली आहे का ते पाहावे. ही पायरी अनेकांची सुटते आणि तासन्‌तास पासवर्ड बदलण्यात जातात. कर्लला ‘व्ही’ पर्याय दिला की कोणत्या सदस्यनावाने लॉगिन चालले आहे ती ओळ दिसते. ती ओळच नसेल, तर दोष पासवर्डाचा नसून जुळणीचा आहे.

रिक्वेस्ट्सची अडचण उलटी आहे. ती न सांगता फाइल वाचते, आणि नोंद जुळली तर स्क्रिप्टमध्ये हाताने दिलेले ऑथरायझेशन शीर्ष पुसून फाइलीतला पासवर्ड पाठवते. टोकन बरोबर असून सर्व्हर नाकारत असेल, तर जुनी विसरलेली नोंद शोधावी. सेशनचे ‘ट्रस्ट एन्व्ह’ बंद केले की हे थांबते, मात्र त्यासोबत पर्यावरणातली प्रॉक्सीची (मध्यस्थ सर्व्हरची) मांडणीही वाचली जात नाही. पायथॉनच्या मॉड्यूलकडून उत्तर लॉगिन, अकाउंट, पासवर्ड या क्रमाने मिळते. मधले ‘अकाउंट’ विसरणारे दुसरा घटक पासवर्ड समजतात.

पासवर्डात मोकळी जागा किंवा # असेल तर प्रत्येक प्रोग्राम वेगळे वागतो. कर्लने अवतरणचिन्हांतला पासवर्ड ७.८४.० आवृत्तीपासून समजून घ्यायला सुरुवात केली. या फाइलीसाठी फक्त अक्षरे व अंकांचा, पण लांब पासवर्ड घेणे सोयीचे. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिताना नावापुढे टीएक्सटी चिकटते आणि प्रोग्रामला फाइल सापडत नाही. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत) सी ड्राइव्हवरच्या फाइलींवर सीएचमॉडचा परिणाम सहसा होत नाही, त्यामुळे फाइल लिनक्सच्या होम फोल्डरातच ठेवावी. पेन ड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीतही परवानगी टिकत नाही, कारण फॅट आणि एक्सफॅट या पद्धती ती साठवतच नाहीत.

वळवलेल्या पत्त्यांमुळे पासवर्ड भलतीकडे गेल्याचेही उदाहरण आहे. पहिल्या सर्व्हरने दुसरीकडे वळवले आणि दुसऱ्याच्या नोंदीत पासवर्ड लिहिलेलाच नसला, तर कर्ल पहिल्याचा पासवर्ड दुसऱ्याला देत असे. डिसेंबर २०२४मधील ८.११.१ आवृत्तीत हे दुरुस्त झाले. अर्धवट नोंदी म्हणूनच ठेवू नयेत.

याच जातीची, पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीची पीजीपास फाइल अधिक काटेकोर आहे. तिच्या प्रत्येक ओळीत सर्व्हर, पोर्ट, डेटाबेस, सदस्यनाव आणि पासवर्ड अपूर्णविरामांनी वेगळे केलेले असतात. पहिली जुळणारी ओळ घेतली जाते, म्हणून नेमक्या ओळी वर आणि * असलेल्या खाली. परवानगी ६०० पेक्षा सैल असली तर लिनक्सवर फाइल विचारातच घेतली जात नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस-प्रणालीची माय-सीएनएफ फाइल मात्र इतरांना वाचता येते म्हणून नाकारली जात नाही, सर्वांना लिहिता येत असेल तरच दुर्लक्षिली जाते. गिटची क्रेडेन्शियल-स्टोअर फाइलही उघड्या मजकुराचीच.

यांपैकी कोणतीही फाइल चुकून सार्वजनिक गिट भांडारात गेली, तर ती पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये (साठवलेल्या आधीच्या आवृत्तीत) ती राहतेच. आधी सर्व्हरवर जाऊन पासवर्ड बदलावा किंवा टोकन रद्द करावे, मग फाइलीत नवा लिहावा, आणि भांडाराचा इतिहास साफ करण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे.